एका दिवसाचे महाराज : सर पॅट्रिक गेडिस

वास्तू म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे की नाही. आणि दुसरी, ताजमहाल. या दोन्हींच्या मधे जे उरतं, म्हणजे रोज चढतो-उतरतो तो जिना, मुलं खेळतात ते अंगण, शेजारणीशी दोन शब्द बोलता येतील एवढा पॅसेज, त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध आहे याचा विचार आपण सहसा करत नाही. ज्या माणसाने तो जन्मभर केला, आणि त्यातली जवळजवळ दहा वर्षं अधूनमधून आपल्या देशात राहून केला, त्याची ओळख रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत करून द्यावी असं वाटलं. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना हे नाव पहिल्याच वर्षी कळतं. आपल्यासारख्या रहिवाशांपर्यंत मात्र ते फारसं आलेलं नाही.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या बॅलटर या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. (तारीख गांधीजींची, साल पंधरा वर्षं आधीचं!) वडील सैन्यात होते. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब पर्थ शहराबाहेरच्या एका टेकडीवरच्या घरात राहायला गेलं. घराला बाग होती आणि वडील मुलाला हाताशी धरून त्या बागेत काम करायचे. गेडिसांचं खरं शिक्षण तिथेच झालं म्हणायला हरकत नाही. पुढे त्यांनी दीडएक वर्ष बँकेत नोकरी केली, ती सोडली. वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरो विद्यापीठात गेले आणि आठवड्याभरात तेही सोडलं! मग लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली शिकले. पदवी अशी त्यांनी कधी घेतलीच नाही. तरीही १८८८ मध्ये डंडी इथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्याआधी १८७९ मध्ये एक मोठं संकट येऊन गेलं. संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावं लागलं. वय अवघं पंचवीस. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी ते बोटांनी चाचपायचे आणि त्या चौकटींत मनातले विषय मांडून बघायचे. पुढे कागदाच्या घड्या घालून विचार मांडायची त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली, ती या अंधारात सापडलेली. दृष्टी परत आली, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात बघण्याचं काम आता जमण्यासारखं नव्हतं. हळूहळू त्यांचं लक्ष झाडांवरून माणसांकडे वळलं. रोपटं कुठल्या मातीत वाढतं हे बघितल्याशिवाय रोपट्याविषयी बोलता येत नाही. मग माणूस कुठल्या घरात, कुठल्या गल्लीत वाढतो हे न बघता माणसाविषयी कसं बोलणार? पुढचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाने व्यापलं.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ॲनाबाई सुखवस्तू व्यापाऱ्याच्या कन्या. नवरा-बायकोने संसार थाटला तो एडिंबरोच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या जुनाट वाड्यात. ते जुनं शहर म्हणजे दगडी चाळींचा डोंगरच होता. सहा-सहा, आठ-आठ मजले, एकच अंधारा जिना, मधे बोळ, एकेका खोलीत एकेक कुटुंब. पैसेवाले लोक केव्हाच समोरच्या नव्या वस्तीत गेले होते. भीतीही खोटी नव्हती : १८६१ मध्ये तिथली एक जुनी इमारत मध्यरात्री कोसळून पस्तीस माणसं दगावली होती. त्यानंतर नगरपालिकेने बोळच्या बोळ पाडून रुंद रस्ते काढायला सुरुवात केली. रस्ते झाले, घरातून उठलेली गरीब माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या बोळांत जाऊन आणखी दाटीवाटीने राहू लागली.

गेडिस दांपत्याने दुसरा मार्ग धरला. राहायला गेले तेव्हा त्यांनी ना अर्ज केला, ना सभा भरवली. झाडू, बादली आणि चुन्याचा ब्रश घेऊन आधी स्वतःचा मजला आणि मग जिना साफ केला. भिंतींना सफेदी दिली, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. शेजारी आधी बघत राहिले, मग एकेक करून हात लावू लागले. ज्याने कधी सोसायटीचा जिना धुण्यासाठी चार जणांना खाली बोलावलं असेल, त्याला हे किती अवघड आहे हे वेगळं सांगायला नको.

त्याच्या पुढची पायरी दुरुस्तीची होती. इमारतींची एकेक करून पाहणी करायची, जे खरोखर कुजलं आहे तेवढंच काढायचं, जे धड आहे ते पक्कं करायचं, आणि काढलेल्या भागातून जी मोकळी जागा मिळेल तिथे उजेड, वारा आणि जमलं तर दोन झाडं आणायची. कसलेला सर्जन पोटात गाठ आहे म्हणून पोटच काढून टाकत नाही, तशी ही जपून केलेली शस्त्रक्रिया. आणि डॉक्टर जसा आधी तपासतो मग औषध देतो, तसा शहराचा नकाशा आखण्याआधी शहराची तपासणी झाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती कुणाला तरी पहिल्यांदा सांगावी लागली हेच खरं वाटत नाही. आपल्याकडे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचा उपविधी आहे, त्याच्या मागे हेच शहाणपण आहे. फरक एवढाच की आपल्या ऑडिटमध्ये सळई आणि काँक्रीट तपासतात. गेडिस त्याबरोबर हेही विचारत, की इथे राहतं कोण, कामाला कुठे जातं, पाणी कुठून भरतं, मुलं कुठे खेळतात. स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टी त्यांच्या लेखी कधीच सुट्या नव्हत्या.

१८८७ मध्ये त्यांनी तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. त्याचा कारभार विद्यार्थीच बघत. पुढे किल्ल्याजवळ रॅम्से गार्डन ही इमारत उभी राहिली, आणि १८९२ मध्ये एक जुना मनोरा त्यांनी घेतला. त्याच्या माथ्यावर भिंग आणि आरसा असलेली एक खोली होती. अंधारात गोल टेबलाभोवती उभं राहिलं की बाहेरचा रस्ता, माणसं, धूर, सगळं जिवंत त्या टेबलावर दिसे. तिथून एकेक मजला खाली उतरत जायचं : आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, असं करत तळाला सगळं जग. म्हणजे जगाचा अभ्यास आपल्या गल्लीपासून सुरू करायचा!

पैशाच्या बाबतीत मात्र गृहस्थ अगदीच कच्चे. एकामागून एक इमारती हाती घेतल्या आणि कर्ज इतकं झालं की १८९६ मध्ये मित्रांनी कंपनी स्थापन करून त्यांचा हिशोब आपल्या हाती घेतला. रॅम्से गार्डनच्या फ्लॅटमध्ये शेवटी प्राध्यापक आणि बरी ऐपत असलेली मंडळीच राहायला आली, हेही नोंदवायला हवं. शिकलेले आणि कष्टकरी शेजारी-शेजारी राहावेत ही त्यांची इच्छा होती, पण चांगलं झालेलं घर गरिबाला परवडत नाही, या अडचणीवर त्यांच्याकडेही पुरतं उत्तर नव्हतं. आपल्याकडे तरी ते कुठे सापडलंय?

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते भारतात आले. जगभरच्या शहरांचे नकाशे, चित्रं, फोटो असं मोठं प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने मागून येत होतं. महायुद्ध सुरू झालेलं. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. कित्येक वर्षांची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. मायदेशी मित्रांनी घाईघाईने नवीन सामान गोळा करून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

मग त्यांनी मद्रास आणि मुंबई इलाख्यातल्या गावांचे, बडोदा, लखनौ अशा शहरांचे अहवाल लिहिले. साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, विस्कटलेले केस, आणि उन्हातान्हात गल्ल्या पायी पालथ्या घालायच्या. सरकारी इंजिनिअर कागदावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारत आणि त्या रेघेखाली किती घरं येतात हे नंतर मोजत. गेडिस आधी घरं बघत. पडका वाडा दिसला तर म्हणत, हा काढा, इथे चौक होईल, झाड लावा. शेजारचं धडधाकट घर कशाला पाडता? डास होतात म्हणून तळी बुजवायची टूम तेव्हा निघाली होती. त्यावर त्यांचं म्हणणं, की तळं स्वच्छ ठेवा, मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. तळ्यामुळे गावात गारवा राहतो. अंगणातल्या तुळशीचं तर त्यांना फार कौतुक. ज्या घरातली तुळस निगुतीने राखलेली आहे ते घरही नीट राखलेलं असणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. परक्या देशातून आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला जे दिसलं ते इथल्या अनेक शिकलेल्या साहेबांना दिसलं नव्हतं.

१९१७ चं वर्ष अतिशय वाईट गेलं. मोठा मुलगा ॲलिस्टर फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई भारतात आजारी होत्या. गेडिसांनी त्यांना मुलाची बातमी सांगितलीच नाही. काही आठवड्यांतच ॲनाबाईही गेल्या. एडिंबरोच्या त्या अंधाऱ्या जिन्यापासून सोबत असलेली बायको गेली, आणि हे गृहस्थ पुन्हा कामाला लागले.

ते काम होतं इंदूरचं, तुकोजीराव होळकरांच्या राज्यातलं. शहरात प्लेगने ठाण मांडलं होतं. गेडिस हातात नकाशा घेऊन गल्लीत शिरले की लोक दारं लावून घेत. नकाशावाला साहेब आला म्हणजे घर पाडणार, हा अनुभव होताच. गेडिसांनी दरबाराकडे अजब मागणी केली : मला एक दिवस महाराज करा. ती मान्य झाली!

त्यांनी दिवाळीत भव्य मिरवणूक जाहीर केली. मिरवणूक नेहमीच्या ठरलेल्या रस्त्याने जाणार नव्हती. जो रस्ता सगळ्यात स्वच्छ असेल, जिथल्या रहिवाशांनी घरांची डागडुजी केली असेल, त्या रस्त्याने ती जाणार होती. कचरा वाहून न्यायची सोय फुकट. झालं! आळी-आळीत चढाओढ लागली. हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला, उंदीर पकडले गेले, भिंती रंगल्या.

आणि मिरवणूक तरी कशी! पुढे घोडदळ, हत्ती, धान्याच्या गाड्या आणि लक्ष्मी. त्यामागे रोगराईची सोंगं, पडक्या घाणेरड्या घरांचे देखावे, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यानंतर शहराचे सफाई कामगार, पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार, नवे झाडू, सजवलेल्या गाड्या. ज्यांची सावली टाळत त्यांना त्या दिवशी राजरस्त्याच्या मधोमध मानाची जागा मिळाली. त्यांच्या मागून इंदूरची नवी नगरदेवता आली, आणि तिच्याबरोबर नव्या शहराचा आराखडा, होऊ घातलेल्या घरांच्या आणि वाचनालयासारख्या इमारतींच्या प्रतिकृती. लोकांना तुळशीची रोपं वाटली. शेवटी गोव्यात नरकासुर जाळतात तसे तो राक्षस आणि तो उंदीर जाळले. दुसऱ्या दिवसापासून गेडिसांना गल्लीत दारं उघडी मिळू लागली. लोक स्वतः बोलावून घर दाखवू लागले.

इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये होळकर सरकारच्या छापखान्यात दोन खंडांत छापला गेला. त्यातलं सगळं अंमलात आलं असं नाही. त्यांच्या बहुतेक अहवालांचं तेच झालं. लिहिणं लांबलचक, अक्षर वाईट, आणि बोलताना शब्द दाढीतच अडकायचे असं त्यांच्या विद्यार्थ्यांनीच सांगून ठेवलंय.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या व्याख्यानांना येणारा संस्कृतचा एक हुशार तरुण त्यांनी हेरला. मुंबई शहरावर त्याने लिहिलेला निबंध त्यांना पसंत पडला आणि त्याला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाता आलं. तो तरुण म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ मध्ये तेच विभागप्रमुख झाले आणि भारतातल्या समाजशास्त्राची पुढची पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली.

१९२५ मध्ये गेडिसांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. त्यावर उभा राहिलेला शहराचा पांढऱ्या इमारतींचा भाग २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तब्येत साथ देईना म्हणून भारत सोडून ते दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए इथे स्थायिक झाले होते. तरुणपणी नाकारलेला नसला, तरी १९१२ मध्ये नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला, आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला ते वारले. माँपेलिएला शहराबाहेरच्या खडकाळ माळावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी घरं बांधायला घेतली होती, आणि घरांच्या भोवती बाग लावत आणली होती.