गाडी तयार नव्हती म्हणून...

राजापेठला काही बर्फ पडत नाही. पण रस्ता बंद आणि घरात लेकरू तापानं फणफणलेलं, ही वेळ काय असते ते वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कॅनडातल्या एका गॅरेजवाल्यावर ती वेळ आली. फक्त तिकडं चिखलाऐवजी बर्फ होता.

डिसेंबर लागला की इन्स्टावर गुलमर्ग, सोलांगच्या रील सुरू होतात. जाड जॅकेटमधला आपलाच एखादा मित्र आणि बर्फावरून भुर्रकन निघालेली स्कूटरसारखी गाडी. मागं रबरी पट्टा, पुढं टोकाशी वर वळलेल्या दोन लांबट स्की. हीच ती स्नोमोबाइल. आपल्यासाठी ती सहलीतली मजा. पण ज्यानं ती घराघरात नेली, त्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियरसाठी ती जगण्यामरण्याची गोष्ट होती.

इंजिन दिलं आणि पंगा झाला

आर्मांडचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावाजवळचा. घरात फ्रेंच बोलायचे. वडील आल्फ्रेड यांची इच्छा, पोरगं धर्मगुरू व्हावं. पोराचं चित्त मात्र नटबोल्टात. मोडक्या घड्याळांचे भाग काढायचे, त्यातून चालती खेळणी बनवायची. घरातली कुठली वस्तू कधी खोलली जाईल याचा नेम नव्हता.

शेवटी वडिलांनी एक जुनं फोर्ड इंजिन त्याच्या हवाली केलं. घे बाबा, हे खोल आणि आमची गाडी सोड! आर्मांडनं इंजिन दुरुस्त केलं, घसरगाडीवर बसवलं आणि मागं विमानासारखा लाकडी पंखा जोडला. ३१ डिसेंबर १९२२ ला पंधरा वर्षांचं हे पोरगं आपली बर्फगाडी घेऊन गावात निघालं. पुढच्या स्की वळवायचं काम धाकट्या भावाकडं, लिओपोल्डकडं. गाव बघतच राहिलं. वडिलांना मात्र दिसला तो उघडा, गरगरणारा पंखा. कुणाचा हात जाईल, कुणाचं डोकं! गाडी ताबडतोब खोलायला लावली.

गाडी खोलली, डोक्यातला किडा काही गेला नाही. सतराव्या वर्षी त्यानं वडिलांना पटवलं, धर्मगुरूंची शाळा सोडली आणि गॅरेजमध्ये उमेदवारी धरली. मग माँट्रियलला गेला. दिवसा काम, संध्याकाळी मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचे वर्ग. यंत्रांची पुस्तकं इंग्रजीत, म्हणून इंग्रजीही शिकला. १९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, व्हॅलकोर्टमध्ये त्याचं स्वतःचं गॅरेज उभं राहिलं. तिथल्या गाड्या तो दुरुस्त करायचाच, पण एखादा पार्ट मिळाला नाही तर तो घरीच बनवायचा. अशा माणसाला आपल्याकडं काय म्हणतात माहीत आहे ना? मिस्त्री!

हिवाळ्यात गॅरेज रिकामं

तिकडं त्या काळी ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ कुणी काढत नसे. नोव्हेंबर-डिसेंबर आला की लोक मोटारी कोठारात लावून टाकत आणि घोडागाडीच्या जागी घोड्याची घसरगाडी काढत. गॅरेजला गिऱ्हाईक नाही. आर्मांडच्या हातात महिनेच्या महिने मोकळे. त्यात त्याचे प्रयोग चालत.

बर्फावर मोटार चालवायचा प्रयत्न करणारा तो एकटा नव्हता. अमेरिकेतल्या व्हर्जिल व्हाइट नावाच्या फोर्डच्या विक्रेत्यानं मोटारीला जोडायचा संचच काढला होता. पुढची चाकं काढा, तिथं स्की लावा. मागं जादा चाकं आणि पट्टा बसवा. पण हे सगळं जड मोटारीला जोडलेलं. भुसभुशीत, खोल बर्फात जड गाडी रुतायचीच.

यातलं गणित आपल्या काळ्या मातीतल्या पोरांना लगेच कळेल. पावसाळ्यात वावरात मोटरसायकल घातली की चाक रुततं. तिथंच फळी टाकली की माणूस आरामात चालतो. वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरतं. स्की म्हणजे पुढची फळी आणि पट्टा म्हणजे मागची, सतत फिरणारी फळी. कागदावर सोपं. पण पट्टा चाकावरून निसटतो, बर्फ चाकात भरतो, स्कीचा बोल्ट तुटतो. आर्मांडची बरीच वर्षं यातच गेली.

१९३४ चा हिवाळा

१९२९ मध्ये त्याचं इव्होन लाब्रेकशी लग्न झालं होतं. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाच्या, इव्हाँच्या, पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स होतं, विष पोटात पसरलं. ऑपरेशनला दुसरा इलाज नव्हता. दवाखाना शेरब्रूकला, साधारण ५० किलोमीटरवर. मध्ये रस्ता म्हणून काही उरलाच नव्हता, सगळा बर्फ.

ज्या माणसानं पंधराव्या वर्षी बर्फावर गाडी पळवली होती, त्याच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी चालू स्थितीत एकही बर्फगाडी नव्हती. प्रयोग अर्धवट होता. लेकरू गेलं.

बर्फगाडीचा नाद त्याला आधीपासून होता, तो काही या दुःखातून जन्मला नाही. पण यानंतर त्याच्या कामाला वेगळीच धार आली. गाडी एकदा चालून भागणार नव्हतं. लागेल तेव्हा ती चालू असली पाहिजे. रात्री-बेरात्री किक मारली की निघाली पाहिजे.

दातेरी चाक आणि रबरी पट्टा

वर्षभरात, १९३५ मध्ये, त्याला तोड सापडली. लाकडी दातेरी चाक, त्यावर रबराचा थर, आणि त्या दातांत बसून फिरणारा रबर व कापडाचा पट्टा. चाकाचे दात पट्टा धरून ठेवतात, त्यामुळे तो निसटत नाही. रबर असल्यानं बर्फ चिकटून गोठत नाही. १९३७ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. याच जोरावर त्यानं बी-७ बनवली. बी म्हणजे बॉम्बार्डियर, ७ म्हणजे सात माणसं. प्लायवूडची बंद केबिन, मागं पट्टे, पुढं स्की.

पुढची बी-१२ बारा जणांची. तिच्यात त्यानं काय केलं ते बघा. आधीच्या गाडीच्या आऱ्यांच्या चाकांत बर्फ भरायचा, म्हणून सरळ भरीव तबकड्यांची चाकं घातली. समोरच्या स्की काढून तिथं चाकं लावायची सोय ठेवली, म्हणजे बर्फ नसलेल्या रस्त्यावरही गाडी चालेल. एकेक तक्रार, एकेक दुरुस्ती. डॉक्टर, टपालवाले, रुग्णवाहिकावाले, दुर्गम भागातले धर्मगुरू हे त्याचे गिऱ्हाईक. शाळकरी मुलांसाठी त्यानं मोठी सी-१८ सुद्धा काढली. जी सोय इव्हाँला मिळाली नाही, ती आता दुसऱ्यांच्या लेकरांच्या दाराशी उभी राहायला लागली.

चौकट : स्कीच्या बुडाशी काय असतं?

स्नोमोबाइलची स्की म्हणजे मोटरसायकलचं पुढचं चाकच समजा. हँडल वळवलं की दांडे फिरतात, त्यानं उभा कणा फिरतो आणि कण्याच्या खाली आडव्या बोल्टवर बसवलेली स्की वळते. स्की त्या बोल्टवर पुढंमागं झुलली पाहिजे, नाहीतर उंचवट्यावर टोक घुसतं. जुन्या स्की-डूमध्ये झटके सोसायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखे कमानपाटे असत. आता शॉकअप असतात.

बिघाड होतो तो इथंच. बुश झिजला की स्कीला खेळ येतो आणि हँडल थरथरतं. कणा आणि स्की यांच्यामधला रबर दबला की स्कीचं टोक खाली झुकतं आणि गाडी आपल्याच मनानं डावी-उजवी पळते. स्कीच्या तळाची पोलादी पट्टी झिजली तर हँडल वळतं, गाडी सरळच जाते.

म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला. गाडीचं पुढचं तोंड उचलायचं, स्की हातानं हलवून खेळ बघायचा, बुश आणि रबर बदलायचे, मग दोन्ही स्कींची दिशा कंपनीच्या मापात आणायची. खोल बर्फासाठी रुंद प्लास्टिक स्की बसवायची असेल, तर आधी कण्याच्या मापाचं बुश आणि रबर मिळतं का ते बघायचं. लॉकनट काढला की नवाच घालायचा. आणि फार आवळायचं नाही, स्की जाम झाली की वळणावर दगा देते. बुलेटचा पुढचा भाग ज्यानं खोलला आहे, त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

धंदा बसला, माणूस नाही

१९४८ मध्ये क्यूबेक सरकारनं ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हटवायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, आर्मांडची विक्री मात्र दाणकन आपटली. रस्ते मोकळे, मग बर्फगाडी कशाला? त्यानं कपाळाला हात लावला नाही. जिथं रस्ताच नाही अशा जागा शोधल्या. दलदल, जंगल, तेलाच्या खाणी. १९५३ मध्ये त्याचा मस्केग ट्रॅक्टर आला. दलदलीत न रुतणारा, पट्ट्यांवर चालणारा.

आणि लहानपणचं स्वप्न? एकदोन माणसांची छोटी बर्फगाडी त्याच्या डोक्यात कायम होती. पण इंजिनं जड होती. हलकी इंजिनं मिळायला लागली, तसा थोरला मुलगा जर्मेनच्या साथीनं अखंड रबरी पट्टा तयार झाला आणि १९५९ मध्ये ती गाडी बाजारात आली. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा ती घेईल म्हणून नाव ठरलं होतं स्की-डॉग. शेवटी झालं स्की-डू. पहिल्या गाड्यांपैकी एक उत्तर ओंटारिओत काम करणाऱ्या एका मिशनरी मित्राकडं गेली. काम करणाऱ्यांसाठी बनवलेल्या या गाडीवर मजा करणारेच तुटून पडले, हे त्यालाही अपेक्षित नव्हतं.

ही धूम त्याला फार काळ बघता आली नाही. १८ फेब्रुवारी १९६४ ला कॅन्सरनं त्याचं निधन झालं. वय अवघं ५६. नावावर चाळीसच्या वर पेटंट. तो ज्या शेरब्रूकच्या दवाखान्यात गेला, तिथपर्यंत पोहोचायला आता हिवाळ्यातही अडचण नव्हती.

त्याच्या नावाची कंपनी पुढं विमानं आणि रेल्वेडबे बनवू लागली. दिल्ली मेट्रोचे कितीतरी डबे याच कंपनीच्या गुजरातमधल्या सावलीच्या कारखान्यात तयार झाले. पुढं हा रेल्वेचा धंदा दुसऱ्या कंपनीनं घेतला, स्की-डूसुद्धा आता वेगळी कंपनी बनवते. व्हॅलकोर्टमध्ये मात्र त्याचं संग्रहालय आहे आणि त्यात १९२६ चं ते छोटं गॅरेज जपून ठेवलंय.

पावसाळ्यात मेळघाटात नाल्याला पूर आला की आजही काही गावांचा रस्ता तुटतो आणि आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावं लागतं. आणि इकडं राजापेठच्या गॅरेजात एखादं पोट्टं हात काळे करून बुश ठोकत बसलेलं असतं. घरचे म्हणतात, शिकला असता तर बरं झालं असतं. त्या पोट्ट्याला ही गोष्ट नक्की सांगा. संध्याकाळच्या वर्गांचा भाग तर आवर्जून सांगा.