मायकेल फॅरडे : प्रयोगशाळेंतील एक ख्रिस्ती नोकर

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस फॅरडेचें नांव ठाऊक आहे. तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंतबाहेर केला असतां विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हा त्याचा शोध ते पाठ करितात व परीक्षेच्या दिवशीं उतरून काढितात. पण हा मनुष्य रोज कामावर कसा जात असे, वेतन किती घेत असे, वरिष्ठांशीं व हाताखालच्या माणसांशीं कसा वागत असे, हें क्रमिक पुस्तकांत येत नाहीं. येथें तेंच सांगण्याचा आमचा विचार आहे. पुष्कळ आईबापांची अशी समजूत दिसते कीं, ज्यास प्रभूची सेवा करावयाची त्यानें उपदेशक व्हावें, व ज्यास पोट भरावयाचें त्यानें नोकरी धरावी. फॅरडेनें जन्मभर नोकरीच केली.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजीं लंडनलगत न्यूइंग्टन येथें झाला. बाप लोहार, त्याची प्रकृति नेहमीं अशक्त, त्यामुळें भट्टी कधीं पेटे, कधीं थंड राही. 1801 सालीं धान्य फार महागलें, तेव्हां नऊ वर्षांच्या मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एक पाव येई व तो त्यानें सात दिवस पुरवावा अशी स्थिति होती. लिहिणें, वाचणें व थोडे हिशेब यांपलीकडे शाळा झाली नाहीं. तेराव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे घरोघर वर्तमानपत्रें पोंचविण्याच्या कामास राहिला. वर्षानंतर रीबोनें त्यास पुस्तकबांधणीच्या धंद्यांत सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतलें. अशा वेळीं मुलाच्या बापानें धन्यास कांहीं रक्कम द्यावयाची असे. रीबोनें ती घेतली नाहीं, आणि मुलाच्या इमानी चाकरीमुळें ती माफ केली असें करारांतच लिहून ठेविलें. आमच्या मतें फॅरडेस मिळालेलें पहिलें प्रशस्तिपत्र हेंच होय.

बांधावयास आलेलीं पुस्तकें तो रात्रीं वाची. मिसेस मार्सेट या बाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक व ज्ञानकोशांतील विजेवरील लेख यांनीं त्यास वेड लाविलें. 1812 सालीं दुकानांतील एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. त्यानें टिपणें घेतलीं, आकृत्या काढिल्या, व सर्व स्वतः बांधून तें पुस्तक डेव्हीकडे पाठविलें. व्यापार हा स्वार्थाचा धंदा आहे आणि शास्त्राच्या मागें लागलेलीं माणसें उदार असतात, असें या तरुणास त्या वेळीं वाटे. डेव्ही हंसला, व ही समजूत अनुभवानें सुधारेल असें म्हणून पुस्तकबांधणीच चालूं ठेवण्याचा सल्ला त्यानें दिला. पण 1813 च्या मार्चमध्यें प्रयोगशाळेंतील मदतनिसाची जागा रिकामी झाली, तेव्हां त्यानें फॅरडेलाच बोलाविलें. काम म्हणजे उपकरणें लावणें, पुसणें व मोडलेलीं दुरुस्त करणें.

डेव्हीचें म्हणणें खरें ठरण्यास फार दिवस लागले नाहींत. त्याच वर्षीं डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाला. त्याच्या खाजगी नोकरानें ऐन वेळीं येण्यास नकार दिला, आणि दुसरा मिळेपर्यंत तें काम फॅरडेनें करावें असें ठरलें. दुसरा कधींच मिळाला नाहीं. डेव्हीची पत्नी त्यास नोकरांच्या पंक्तीला बसवी. तो मनांत फार कष्टी होई, तरी फ्रान्स व इटलींतील जे शास्त्रज्ञ भेटत त्यांच्यापासून शिकत राही. पुढें 1821 सालीं फॅरडेनें विजेच्या योगें तार लोहचुंबकाभोंवतीं फिरती करून दाखविली, तेव्हां त्यानें ही कल्पना वोलस्टन या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाची उचलली अशी कुजबुज सुरू झाली. फॅरडेनें सरळ वोलस्टनलाच लिहून भेट मागितली. दोन वर्षांनीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वास त्याचें नांव आलें असतां खुद्द डेव्हीनें विरोध केला. तरीही डेव्हीचे उपकार तो शेवटपर्यंत बोलून दाखवीत असे.

हें बळ कोठून आलें, हें समजण्यासाठीं त्याच्या मंडळीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. फॅरडेचें घराणें सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा पंथाचें होतें. त्यांच्यांत पगारी उपदेशक नसे. कारागीर व दुकानदार यांतूनच वडील निवडले जात. रविवारचा बहुतेक दिवस उपासनेंत जाई व मध्यें सर्वांनीं एकत्र जेवावयाचें असे. संपत्तीचा सांठा करूं नये, ही प्रभूची आज्ञा ते अक्षरशः पाळीत. 1821 च्या जूनमध्यें फॅरडेचा विवाह त्याच मंडळींतील सेरा बर्नार्ड हिच्याशीं झाला. पुढच्या महिन्यांत त्यानें पत्नीसही आधीं न सांगतां मंडळीसमोर आपला विश्वास प्रकट केला. ही गोष्ट आपण व आपला देव यांच्यामधील आहे, असें त्यानें तिला नंतर सांगितलें.

व्याख्यानपीठावरून त्यानें धर्मोपदेश केला नाहीं, व शास्त्राच्या जोरावर धर्म सिद्ध करूं पाहिला नाहीं. कोणी म्हणेल, मग त्याच्या नोकरीशीं धर्माचा संबंध काय? त्याचे हिशेब पाहावे. रॉयल इन्स्टिट्यूशनकडून त्यास वर्षाला शंभर पौंड, राहावयास जागा, कोळसा व मेणबत्त्या मिळत. कारखानदार व वकील त्याच्याकडून पृथक्करणें करवून घेत, आणि 1830 सालीं या बाहेरच्या कामांतून त्यास हजार पौंडांहून अधिक प्राप्ति झाली. 29 ऑगस्ट 1831 रोजीं चुंबकापासून वीज उत्पन्न करण्याचा मार्ग त्यास सांपडला. पुढच्याच वर्षीं ती प्राप्ति दीडशे पौंडांच्या आसपास उतरली, व पुढें ती त्यानें जवळजवळ सोडूनच दिली. लोहाराच्या या मुलानें चालत आलेली लक्ष्मी परत पाठविली. कारण शोधाचें काम व पैशाचें काम दोन्ही हातीं धरतां येईनात, आणि पैसा सांठवावयाचा तर नव्हताच. असेल त्यांतून तो गोरगरिबांस देई. दीपगृहांतील दिव्यांचा धूर व वाफ बाहेर नेणारी नळी त्यानें शोधून काढिली, तिचा हक्क भाऊ रॉबर्ट याला देऊन टाकिला.

मात्र तो दुबळा नव्हता. 1835 सालीं त्यास सरकारी पेन्शन देण्याचें घाटत असतां, मुख्य प्रधान लॉर्ड मेलबर्न यानें अशा पेन्शनांविषयीं त्याच्यासमक्ष कांहीं तुच्छतेचे उद्गार काढिले. फॅरडे उठून घरीं आला व पेन्शन नको म्हणून लिहून कळविलें. मेलबर्ननें लेखी क्षमा मागितली, तेव्हांच त्यानें वर्षाचे तीनशें पौंड स्वीकारले.

1840 सालीं मंडळीनें त्यास वडील नेमिलें. 1844 सालीं मात्र कांहीं आठवडे त्यास मंडळींतून बाहेर काढण्यांत आलें. राणीच्या घरीं रविवारीं जेवावयास गेल्यामुळें हें झालें, अशी एक गोष्ट छापली जाते. परंतु त्याच सुमारास इतरही कित्येक सभासद काढले गेले होते, त्या अर्थीं मंडळींतील अंतर्गत तंटाच कारण असावा. ज्याच्या व्याख्यानास सारें लंडन लोटे, त्यानें एका लहानशा मंडळीचा निर्णय मान खालीं घालून कां सोसावा? कित्येकांस हा भोळेपणा वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याला परत घेतलें, पण वडीलपण मात्र 1860 पर्यंत मिळालें नाहीं; तोंवर तो साध्या बांकावर बसून उपासना करीत होता.

1844 च्याच सप्टेंबरांत डरहम परगण्यांतील हॅसवेल येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन 95 माणसें व मुलें मेलीं. चौकशीसाठीं सरकारनें फॅरडे व भूगर्भशास्त्रज्ञ लायल यांस पाठविलें. हवेचा वेग कसा मोजतां, असें फॅरडेनें खाणींत विचारलें, तेव्हां तपासनिसानें चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतींतून खालीं सोडून धूर कसा वाहतो तें दाखविलें. ही दारू ठेवतां कोठें, म्हणून फॅरडेनें चौकशी केली. ती एका पिशवींत आहे, आणि पिशवीवर साहेबच बसले आहेत, असें उत्तर आलें! खाणींतील बेफिकिरीविषयीं यापुढें आणखी पुरावा तो काय हवा होता?

1836 पासून जवळजवळ तीस वर्षें तो इंग्लंडच्या दीपगृहांचा शास्त्रीय सल्लागार होता. हें काम नीरस होतें: दिव्यांचीं तेलें, कांचा, नळींतील पाणी यांची तपासणी, व त्यांवर अहवाल. 1858 च्या डिसेंबरांत साउथ फोरलंड येथें विजेचा दिवा प्रथम लागला. त्याची वीज फॅरडेनें सत्तावीस वर्षांपूर्वीं शोधलेल्या तत्त्वावरच उत्पन्न होत होती. 1860 च्या फेब्रुवारींत तो दिवा पाहावयास तो गेला असतां वाटा बर्फानें बुजल्या होत्या. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा कुंपणें व भिंती ओलांडून शेतांतून तेथें पोंचला.

त्याचा मदतनीस अँडरसन हाही तसाच. हा तोफखान्यांतला जुना सार्जंट. एके रात्रीं त्यास घरीं जा म्हणून सांगावयास फॅरडे विसरला. सकाळीं पाहतो तों अँडरसन रात्रभर भट्टींत कोळसा घालीत उभा होता. जवळजवळ चाळीस वर्षें दोघे एकत्र राबले. फॅरडेच्या रोजनिशींत क्रमांक घातलेले परिच्छेद सोळा हजारांवर आहेत, आणि न साधलेले प्रयोगही त्यांत साधलेल्यांइतक्याच काळजीनें लिहिलेले आहेत. गुरुत्वाकर्षणापासून वीज निघते कीं काय, हें पाहण्यांत त्याचे दिवसचे दिवस गेले. कांहीं निघालें नाहीं, तेंही त्यानें छापून टाकिलें.

उतारवयांत स्मरणशक्ति त्यास दगा देऊं लागली. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां त्यानें नाकारलें. राणीनें हॅम्प्टन कोर्टजवळ दिलेल्या घरीं 25 ऑगस्ट 1867 रोजीं आरामखुर्चींत बसल्याबसल्या त्याचा अंत झाला. त्याला हायगेटच्या स्मशानभूमींत, मोजक्या माणसांसमक्ष, पुरण्यांत आलें. तेथील दगडावर त्याचें नांव, जन्मदिन व मृत्युदिन एवढेंच कोरलेलें आहे.