घराच्या उंबरठ्यावरची श्रद्धा

मुलांवर धर्माचे संस्कार कसे करावेत, या प्रश्नाला पाठांतर आणि शिस्त हे उत्तर सामान्यतः दिले जाते. लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र पाहिले, तर हे उत्तर अपुरे असल्याचे दिसून येते. 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. परंतु एका ख्रिस्ती घराच्या माता म्हणून त्यांचा विचार फारसा होत नाही.

1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे एका कर्मठ ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक त्यांनी बालपणीच अनुभवला. 1880 साली, अवघ्या अकराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू, पती धर्मांतरित, समाज पाठमोरा. पुढची काही वर्षे त्यांनी पतीपासून दूर राहून काढली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लक्ष्मीबाई पुन्हा पतीजवळ राहावयास आल्या, त्या आपला धर्म आणि आपले आचार सांभाळूनच. पत्नीची श्रद्धा ही पतीच्या हुकुमाने बदलण्याची वस्तू नव्हे, याची जाण त्या घराला होती. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतः झुंजल्या आणि तो माणसाचाच, या निष्कर्षाला स्वतःच आल्या. त्यानंतरच, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जी श्रद्धा आईने विचारांती स्वीकारली, तीच तिला मुलाच्या हाती निःशंकपणे देता आली.

ती दिली गेली ती प्रवचनांतून नव्हे. अहमदनगर व राहुरी येथील या घरात दुष्काळाने पोरकी झालेली मुले आली आणि घरचीच होऊन राहिली. प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी रुग्णसेवा केली. बालकवी ठोमरे हिंदूच राहून या घरात पुत्रवत वावरले. शेजाऱ्यावर प्रेम करावे, हा धडा घरातील मुलांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी पंगतीत पाहिला असला पाहिजे. प्रार्थनेसाठीही त्यांना परकी भाषा शिकावी लागली नाही. टिळकांची भजने अभंगाच्या वळणाची, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाणारी होती. लक्ष्मीबाई तर स्वतः कीर्तनही करीत.

1919 साली टिळक निवर्तले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांतच थांबले होते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. 1936 च्या फेब्रुवारीत त्यांचेही निधन झाले आणि अखेरचा अध्याय चिरंजीव देवदत्तांनी, म्हणजे पूर्वीच्या दत्तूनेच, लिहिला. पित्याने आरंभलेले, मातेने वाढविलेले आणि पुत्राने पूर्ण केलेले हे काव्य म्हणजे त्या घरातील संस्कारांचा जणू लेखी पुरावाच होय.

आज मुलांच्या हाती धर्म देऊ पाहणाऱ्या कोणत्याही पंथाच्या आईबापांनी या चरित्राकडे अवश्य पाहावे. श्रद्धा लादता येत नाही, आणि नुसती सांगून ती रुजतही नाही. दाराशी आलेल्याला आपण घरात घेतो की नाही, हे मूल पाहत असते. त्याचा पहिला धर्मग्रंथ तोच असतो.