भगवानदादा : सात मोटारी आणि एक चाळ

विसर्जनाच्या मिरवणुकीत बँड रंगात आला की एखादे पोक्त काका हात अर्धवट वर धरतात, कंबर हलकेच झुलवतात आणि पुढे-मागे ठुमकू लागतात. हा नाच त्यांनी कुठे शिकलेला नसतो. तो भगवानदादांचा असतो.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वडील मुंबईत कापड गिरणीत कामगार. भगवानदादांनीही मजुरी केली, पण मन सिनेमात. मूकपटांत लहान कामे करीत ते चित्रपटाचा सारा धंदा शिकले. १९३८ मध्ये ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शन केले आणि पुढची दहा वर्षे मारधाडीचे स्वस्त चित्रपट काढले. कलावंतांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळे स्वतः पाहून त्यांनी ६५,००० रुपयांत चित्रपट पुरा केल्याचे सांगतात. प्रेक्षक असे तो कामगारवर्ग. या कमाईवर १९४२ मध्ये ‘जागृती पिक्चर्स’ आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला.

सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. नायिका गीता बाली, संगीत जुने मित्र सी. रामचंद्र यांचे. घरातून बाहेर पडून रंगभूमीवर नाव काढणारा गरीब तरुण स्वतः भगवानदादांनी रंगवला. गाणी लागली की प्रेक्षक पडद्यावर नाणी उधळीत. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, दारात सात मोटारी आल्या. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक!

पुढे १९५३ मध्ये तीच मंडळी घेऊन ‘झमेला’ काढला, पण ‘अलबेला’ची जादू पुन्हा जमली नाही. नुसत्या नटाचा चित्रपट पडला, तरी ठरलेले मानधन त्याच्या पदरात पडते. भगवानदादा मात्र नट, दिग्दर्शक आणि निर्माते एकटेच. चित्रपट चालला तर सारा नफा त्यांचा, पडला तर सारे कर्जही त्यांचेच. पुढच्या चित्रपटांनी हात दिला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीत राहायला आले.

स्वतःच्या स्टुडिओचा मालक असलेला हा माणूस मग दुसऱ्यांच्या चित्रपटांत मिळेल ती भूमिका करू लागला. कधी काम दोन मिनिटांचे, एका गाण्यातल्या ठेक्यापुरते. तेही त्यांनी नाकारले नाही. सी. रामचंद्रांसारखे जुने स्नेही चाळीत येऊन भेटत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरलाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटाने त्यांची कहाणी पुन्हा पडद्यावर आणली.

पैसा हिशेबाने मिळवणारे भगवानदादा तो राखू शकले नाहीत. त्यांचा ठेका मात्र लोकांनी राखला. यंदा मिरवणुकीत काका ठुमकू लागले, की शेजारी उभ्या नातवंडांना हे नाव जरूर सांगावे.