बीपीच्या औषधामागचे मुंबईकर डॉक्टर : रुस्तम वकील

आज दापोलीत कुणालाही बीपीची गोळी सहज मिळते. पण ऐंशी वर्षांपूर्वी या आजारावर धड औषधच नव्हतं. ते मिळवून देण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी घरात झाला. लंडनला शिकून ते परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांना तपासू लागले. सर्पगंधा, म्हणजे युनानीतलं असरोल, आपले हकीम आणि वैद्य पूर्वीपासून देत होते. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दीकींनी तिच्या मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्यावरून त्याला अजमलीन नाव दिलं. वकीलसाहेबांनी हीच मुळी बीपीच्या रुग्णांना दिली, प्रत्येकाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ५० रुग्णांचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन काढलं. १९५७ साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ साली त्यांचं निधन झालं.

पुढे या औषधाने काहींना उदासी येते असं दिसलं, आणि नव्या गोळ्या आल्या. म्हणून जंगलातली मुळी आणून स्वतःच घेऊ नका. बीपी वाढला तरी बहुतेकदा काही जाणवत नाही. तेव्हा घरातल्या अम्मी-अब्बांचा बीपी मोजून घ्या, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.