साइन() च्या आत भास्कराचार्य

फर्स्ट इयरच्या सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलमधली गोष्ट. मी उदगीरचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. नांदेडला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा लिनक्सची ती काळी स्क्रीन पहिल्यांदाच पाहिली. प्रोग्रॅम साधाच होता. कोन विचारायचा आणि त्याचं साइन छापायचं. मॅथ डॉट एच वर लिहिलं होतं, तरी साइन सापडत नाही अशी एरर! शेजारच्या मित्रानं सांगितलं, कमांडच्या शेवटी मायनस एलएम टाक. हेडर फाइल फंक्शनची नुसती ओळख करून देते, प्रत्यक्ष कोड गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतो. टाकलं आणि प्रोग्रॅम चालला. मग ३० दिले तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं. साइन() ला अंश नाही, रेडियन लागतात. मॅन पेजवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण वाचतो कोण?

ओरलला सरांनी विचारलं, हे फंक्शन आत नेमकं करतं काय? मी गप्प. त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून शोधायला बसलो आणि शोधता शोधता थेट बाराव्या शतकात, भास्कराचार्यांपाशी जाऊन पोचलो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. ही माहिती त्यांनी स्वतःच ग्रंथात देऊन ठेवली आहे. गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. हे विज्जलविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात, कुणी विजापूर. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात बीदर सांगितलं आहे. बीदर म्हणजे आमच्या उदगीरच्या शेजारचं! तेच खरं निघावं असं मला मनातून फार वाटतं, पण बीदरजवळ सह्याद्री नाही हेही कबूल केलं पाहिजे. घटिकापात्रात मोती पडला आणि लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही प्रसिद्ध कथाही फैजीकडूनच आलेली. मूळ ग्रंथात ती नाही.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. नुसते नियम सांगून ते थांबले नाहीत. आपल्याच ग्रंथावर वासनाभाष्य लिहून नियम का बरोबर आहे तेही समजावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोडही त्यांचा आणि डॉक्युमेंटेशनही त्यांचंच.

माझ्या प्रश्नाचं उत्तर गोलाध्यायाला जोडलेल्या ज्योत्पत्ति या प्रकरणात होतं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि गणितात आपलं साइन. वर्तुळाचा परिघ ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० कला धरला की त्रिज्या सुमारे ३,४३८ कला येते. कोन आणि त्रिज्या एकाच मापात आल्या की लहान कोनाची ज्या जवळपास कोनाएवढीच होते. ३ अंश ४५ कला म्हणजे २२५ कला, त्याची ज्याही २२५. रेडियनमागची कल्पना हीच! असा २४ ज्यांचा तक्ता आर्यभटांनी ४९९ मध्येच दिला होता. भास्कराचार्यांनी पुढचं पाऊल टाकलं. दोन कोनांच्या ज्या माहीत असतील तर त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या कशी काढायची, हे सूत्र त्यांनी स्पष्ट मांडलं. अकरावीत आपण घोकतो तेच साइन ए अधिक बी.

मग मी जीएनयू सी लायब्ररीतला साइन() चा कोड उघडला. मोठा कोन आला तर आधी तो लहान करतात. मग तक्त्यातला जवळचा कोन घेतात, त्याचे साइन आणि कोसाइन तयारच असतात. उरलेल्या छोट्या तुकड्यासाठी पॉलिनॉमियल वापरतात आणि दोन्ही जोडतात ते बेरजेच्या सूत्रानं. कोन अगदीच बारीक असेल तर तोच उत्तर म्हणून परत! मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

म्हणजे आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. ग्रीकांनी जीवांचे तक्ते त्याआधी केले होते, अरबांनी त्रिकोणमिती वाढवली. नावाचा प्रवासही तसाच. संस्कृत जीवाचं अरबीत जीब झालं. लिहिताना नुसती व्यंजनं, म्हणून ते जैब वाचलं गेलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. हिंदीतला जेब तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचं सायनस केलं. त्याच शतकात इकडे भास्कराचार्य लिहीत होते.

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. पंचांगासाठी पटकन गणित करता यावं म्हणून. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाचा मुख्य पंडित झाला, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवानं पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला १२०७ मध्ये दान दिलं. तसा शिलालेखच आहे.

मला हा नातू फार आवडला. ग्रंथ नुसता असून चालत नाही, तो उघडून वाचणारी पोरं लागतात, हे त्याला कळलं होतं. आपल्या लायब्ररीचा कोडही कुलूपबंद नाही, कुणीही उघडावा. तेव्हा मित्रांनो, फंक्शन वापराच, पण एकदा मॅन ३ साइन टाइप करून शेवटपर्यंत वाचा. ओरलला माझ्यासारखं गप्प बसावं लागणार नाही.