मास्टर दीनानाथ मंगेशकर

मास्टर दीनानाथ मंगेशकर (२९ डिसेंबर १९०० – २४ एप्रिल १९४२) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीचे एक चालक होते. आज त्यांची ओळख पुष्कळदा लता मंगेशकरांचे वडील अशी करून दिली जाते. त्यांच्या हयातीत मात्र हे नाव स्वतःच्या बळावर नाटकगृहे भरवीत असे.

त्यांचा जन्म गोव्यातील मंगेशी येथे झाला. वडील गणेशभट्ट नवाथे हे मंगेशीच्या देवळात पुजारी होते; आई येसूबाई राणे. दीनानाथांनी आडनाव लावले ते गावाचे. बाबा माशेलकरांकडे गायनाचे प्राथमिक धडे घेतल्यावर किशोरवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले.

== बळवंत संगीत मंडळी ==
१९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. राम गणेश गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये ते लतिकेची भूमिका करीत. 'मानापमान'मधील धैर्यधराची पदे त्यांनी स्वतःच्या ढंगाने, चपळ व आक्रमक तानांनी गाऊन निराळीच केली. वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभि'तील तेजस्विनीही त्यांचीच.

== रत्नागिरी आणि 'संन्यस्त खड्ग' ==
वि. दा. सावरकर १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. जिल्हा सोडण्यास आणि राजकारणात भाग घेण्यास त्यांना मनाई होती. याच काळात लिहिलेले त्यांचे 'संगीत संन्यस्त खड्ग' हे नाटक १९३१ साली बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा बुद्धकाळातली; पण शस्त्रत्याग की शस्त्रधारण हा त्यातला वाद प्रेक्षकांना थेट आपल्या दिवसांतला वाटावा असाच होता. सरकारच्या नजरेखाली असलेल्या लेखकाचे नाटक घेणे हा चालक म्हणून दीनानाथांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. नाटकाच्या पदांना वझेबुवांनी चाली दिल्या. पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी सावरकरांच्या कवितांना चाली दिल्या, तेव्हा हा संबंध दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचला.

== उतरती कळा ==
नाटक कंपनी म्हणजे पन्नास माणसांचे फिरते बिऱ्हाड. खेळ पडला तरी मुक्कामाचा आणि भोजनाचा खर्च थांबत नसे. त्यातच बोलपट आला. मंडळीने सांगली येथे चित्रपटनिर्मितीत उडी घेतली व १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. हा मार्ग तिला तारू शकला नाही. मंडळी मोडली. पुणे येथे वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी दीनानाथ निवर्तले. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची होती. त्याच वर्षी तिला चित्रपटात काम धरावे लागले.

== वंशजांच्या आठवणींत ==
थोरल्या मुलीचे मूळ नाव हेमा. 'लता' हे नाव 'भावबंधन'मधील लतिकेवरून आले, असे सांगितले जाते. शिष्याची चुकलेली जागा लहानग्या मुलीने दुरुस्त केल्याचे ऐकून दीनानाथांनी तिला शिकवण्यास आरंभ केला, ही आठवण लताबाई आवर्जून सांगत. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता आणि आपले यश पाहण्यास ते नसतील हे त्यांनी आधीच सांगितले होते, असेही त्या म्हणत. मुलांनी पाहिलेले दीनानाथ हे बहुतांशी पडत्या काळातले आहेत. भरभराटीचा काळ समजून घेण्यासाठी चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' हे आत्मचरित्रच वाचावे लागते. १९५८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

चालकांच्या पुढील पिढ्याही अभिनयात राहिल्या: चिंतामणरावांचे पुत्र चित्तरंजन कोल्हटकर नट झाले, तर कृष्णरावांची नात पद्मिनी कोल्हापुरे हिंदी चित्रपटांत गाजली. दीनानाथांच्या नावाचे नाट्यगृह मुंबईत विलेपार्ले येथे आहे. पणजी येथील कला अकादमीचे सभागृहही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कुटुंबीयांच्या प्रतिष्ठानातर्फे २४ एप्रिल या पुण्यतिथीस कलावंतांना पुरस्कार दिले जातात.